निरोप निघाला, पण पोचला का?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: ऑफिसच्या पीबीएक्सवर, म्हणजे अंतर्गत टेलिफोन यंत्रणेवर, साठणारे व्हॉइसमेल ज्याच्या त्याच्या ईमेलमध्ये कसे जातील? बहुतेकांकडे अ‍ॅस्टरिस्क (पीबीएक्स चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा त्यावर चालणारं फ्रीपीबीएक्स आहे आणि मेल बाहेर पाठवायला पोस्टफिक्स, म्हणून उत्तरंही त्याच भाषेत दिली आहेत. सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे नागरीत छापली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायची आणि अधोरेषा दिसेल तिथे अधोरेषाच ठेवायची.

प्रश्न: आमच्या सीए फर्ममध्ये फ्रीपीबीएक्स आहे, १४ एक्स्टेन्शन. प्रत्येकाचे व्हॉइसमेल त्याच्या ईमेलवर हवेत. त्यासाठी ‘ईमेल गेटवे’ घ्यावा लागेल असं विक्रेता म्हणतो. खरंच वेगळं यंत्र लागतं का? (पुणे)

उत्तर: नाही. गेटवे हे कामाचं नाव आहे, डब्याचं नाही. १४ एक्स्टेन्शनच्या ऑफिसात हे काम पीबीएक्सच्याच मशीनवरचं पोस्टफिक्स आरामात करतं, आणि फ्रीपीबीएक्सच्या नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये ते आधीच असतं.

निरोप रेकॉर्ड झाला की अ‍ॅस्टरिस्क त्याची फाइल जोडून एक मेल तयार करतं आणि ‘सेंडमेल -टी’ या आदेशाच्या हवाली करतं. तो आदेश पोस्टफिक्सचा असतो. पोस्टफिक्स मेल रांगेत लावतं आणि तुमच्या मेल सेवेच्या सर्व्हरकडे देतं. तिथून पुढे तो नेहमीसारखा मेल. चार हात बदलतात, आणि बिघाड शोधताना नेमका कुठल्या हातातून निसटला एवढंच पाहायचं असतं.

आधी मेल सेवेवर फक्त या कामासाठी एक वेगळं खातं उघडा. कुणा भागीदाराचं खातं वापरू नका, कारण त्यांनी पासवर्ड बदलला की निरोप बंद. जीमेल किंवा गूगल वर्कस्पेस असेल तर त्या खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढा. खात्याचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. आणि लक्षात ठेवा, मुख्य पासवर्ड बदलला की गूगल जुने अ‍ॅप पासवर्डही रद्द करतं. ‘परवापर्यंत चालू होतं, आता ५३५ (लॉगिन नाकारलं) येतंय’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

मग पोस्टफिक्सची मुख्य फाइल, मेन डॉट सीएफ. ‘रिलेहोस्ट’ समोर सेवेच्या सर्व्हरचं नाव चौकटी कंसात आणि पुढे अपूर्णविरामानंतर पोर्ट ५८७. चौकटी कंस सोडले तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स (डोमेनचे मेल कुठला सर्व्हर घेतो ती नोंद) शोधायला जातं आणि भलत्याच दारात उभं राहतं. ‘एसएमटीपी_सॅसल_ऑथ_एनेबल’ यस, ‘एसएमटीपी_सॅसल_सिक्युरिटी_ऑप्शन्स’ नोअ‍ॅनॉनिमस, ‘एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल’ एन्क्रिप्ट. (एसएमटीपी म्हणजे मेल पाठवायची पद्धत, सॅसल म्हणजे लॉगिनची सोय, टीएलएस म्हणजे जोडणी सांकेतिक करणं.) ‘इनेट_इंटरफेसेस’ लूपबॅक-ओन्ली ठेवा, म्हणजे बाहेरचं कुणी या पोस्टफिक्सशी बोलूच शकणार नाही.

पासवर्ड सॅसल_पासडब्ल्यूडी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये जातो आणि तिचा पत्ता ‘एसएमटीपी_सॅसल_पासवर्ड_मॅप्स’ मध्ये. फाइलमध्ये एकच ओळ: सर्व्हर, मोकळी जागा, मग वापरकर्ता आणि पासवर्ड अपूर्णविरामाने जोडलेले. इथे सर्व्हरचं नाव रिलेहोस्टमध्ये जसं लिहिलं तसंच, कंस आणि पोर्टासकट. एका ठिकाणी कंस आहेत आणि दुसरीकडे नाहीत असं झालं की पोस्टफिक्सला पासवर्ड सापडत नाही आणि ते लॉगिन न करताच मेल द्यायला जातं. समोरचा सर्व्हर ‘आधी ओळख पटवा’ म्हणून परत पाठवतो. फाइल बदलली की दर वेळी ‘पोस्टमॅप’ चालवा, आणि मूळ फाइल व तयार झालेली डीबी फाइल या दोन्हींची परवानगी ६०० करा, म्हणजे मालकाशिवाय कुणाला वाचता येणार नाहीत. लॉगमध्ये ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ दिसलं तर पासवर्ड चुकलेला नसतो, सॅसलचं पॅकेजच नसतं. डेबियनवर त्याचं नाव लिबसॅसल२-मॉड्यूल्स, रेडहॅट कुळात सायरस-सॅसल-प्लेन.

व्हॉइसमेलला हात लावण्यापूर्वी इथेच थांबून कमांड लाइनवरून एक साधा मेल स्वतःला पाठवा. लॉगमध्ये ‘स्टेटस=सेंट’ आणि त्यापुढे २५० ने सुरू होणारं उत्तर दिसलं पाहिजे. डेबियन १२ वर मेल डॉट लॉग सापडली नाही तर घाबरू नका. ती नोंद ‘जर्नलसीटीएल’ मध्ये असते. हा मेल पोचल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. पायाच कच्चा असेल तर व्हॉइसमेलच्या पानावर कितीही खटपट केली तरी वायाच.

शेवटी फ्रीपीबीएक्समध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनच्या व्हॉइसमेल टॅबवर ईमेल पत्ता आणि ‘ईमेल अटॅचमेंट’ यस. व्हॉइसमेल डॉट कॉन्फ हाताने बदलू नका. ती फाइल फ्रीपीबीएक्स स्वतः लिहितं आणि तुमचे बदल पुसले जाऊ शकतात.

प्रश्न: होस्टिंग कंपनीचा मेल सर्व्हर वापरतो. व्हॉइसमेलच्या सेटिंगमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बरोबर घातला आहे, तरी सर्व्हर ‘सेंडर अ‍ॅड्रेस रिजेक्टेड’ म्हणून ५५३ देतो. (कोल्हापूर)

उत्तर: तुम्ही पत्रावरचं नाव बदललंत, लिफाफ्यावरचं राहिलं. ईमेलला दोन प्रेषक असतात. एक मेल उघडल्यावर दिसणारा. तो ‘सर्व्हरईमेल’ या सेटिंगमधून येतो. दुसरा सर्व्हर एकमेकांशी बोलताना सांगतात तो, म्हणजे लिफाफ्यावरचा. अ‍ॅस्टरिस्क सेंडमेलला बोलावतं तेव्हा लिफाफ्यावर मशीनवरच्या वापरकर्त्याचं नाव पडतं: अ‍ॅस्टरिस्क अ‍ॅट पीबीएक्स डॉट लोकलडोमेन, असं काहीतरी. होस्टिंग कंपनीला दिसतं की लॉगिन एका खात्याने केलं आणि लिफाफ्यावर जगात अस्तित्वातच नसलेलं डोमेन आहे. ती नाही म्हणणारच. लॉगमध्ये ‘फ्रॉम=’ च्या पुढे काय छापलंय ते पाहा, लगेच कळेल.

उपाय दोन. ‘मेलसीएमडी’ मध्ये सेंडमेल -टी च्या पुढे -एफ आणि खऱ्या खात्याचा पत्ता जोडा. किंवा पोस्टफिक्समध्ये ‘एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स’ वापरून डावीकडे मशीनचा पत्ता, उजवीकडे खरा पत्ता अशी ओळ लिहा आणि पोस्टमॅप चालवा. आमचं मत दुसऱ्याच्या बाजूने. पीबीएक्सवरून फक्त व्हॉइसमेलच जातात असं नाही. बॅकअपची सूचना, सुरक्षेचे इशारे, क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे) अहवालही निघतात, आणि जेनेरिक मॅप सगळ्यांचे लिफाफे एकदमच दुरुस्त करतो.

हाताशी असतानाच ‘मायहोस्टनेम’ ही पाहून घ्या. तिथे नुसतं लोकलहोस्ट असेल तर कडक सर्व्हर ‘नीड फुली-क्वालिफाइड होस्टनेम’ म्हणत ५०४ देतात.

मेल पोचतोय पण स्पॅममध्ये पडतोय, असं लिहिणाऱ्या इतर तिघांसाठीही हेच उत्तर, एका भरीसह: एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) तपासणी लिफाफ्यावरच्या डोमेनची होते, पत्रावरच्या नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) मागतं. ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून रिलेशिवाय थेट पोर्ट २५ ने मेल ढकलण्याचा नाद सोडा. एक तर पुष्कळ इंटरनेट कंपन्या ते पोर्ट बंदच ठेवतात, आणि उघडं असलं तरी त्या आयपीला धड उलट डीएनएस नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) नसते.

प्रश्न: अजब प्रकार. साहेबांच्या खासगी जीमेलवर व्हॉइसमेल जातात, पण कंपनीच्या डोमेनवरच्या एकाही पत्त्यावर जात नाहीत. आमचा मेल सर्व्हर मात्र ठणठणीत आहे. (नाशिक)

उत्तर: तुमचं पोस्टफिक्स समजतंय की कंपनीचं डोमेन म्हणजे आपणच. पीबीएक्सला नाव देताना कुणीतरी सरळ कंपनीचं डोमेन टाकलं आणि ते ‘मायडेस्टिनेशन’ च्या यादीत गेलं. त्या यादीतल्या डोमेनचे मेल पोस्टफिक्स बाहेर पाठवत नाही, स्वतःच्याच मशीनवर तो वापरकर्ता शोधतं, आणि ‘अननोन युजर’ म्हणून परत फिरवतं. ती परतलेली पत्रं त्याच मशीनच्या मेलफाइलमध्ये पडून असतील, कुणी न पाहिलेली.

मायडेस्टिनेशनमध्ये फक्त लोकलहोस्ट ठेवा, मशीनला पीबीएक्स डॉट तुमचं-डोमेन असं पोटनाव द्या, पोस्टफिक्स रीलोड करा.

प्रश्न: जागा वाचावी म्हणून ‘डिलीट व्हॉइसमेल’ यस केलं होतं. इंटरनेट दोन दिवस बंद होतं. आता बऱ्याच ग्राहकांचे निरोप ना मेलमध्ये, ना फोनवर. ते परत मिळतील का? अ‍ॅस्टरिस्क मेल गेल्याची खात्री न करता पुसतं कसं? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: आधी घाईने पाहा: ‘पोस्टक्यू -पी’ हा आदेश द्या. निरोप रांगेत असतील तर ते सगळे नोंदीसह दिसतील. इंटरनेट आलं असेल तर ‘पोस्टक्यू -एफ’ ने लगेच ढकला. पोस्टफिक्स न पोचलेला मेल मूळ हिशेबाने पाच दिवस धरून ठेवतं आणि सुरुवातीला पाच मिनिटांनी, मग अंतर वाढवत साधारण सव्वा तासापर्यंतच्या फरकाने पुन्हा प्रयत्न करतं. दोन दिवसांच्या बंदमध्ये ते हरवायला नकोत. रांग रिकामी असेल आणि लॉगमध्ये ‘बाउन्स्ड’ असेल, तर निरोप गेले.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कारण सगळ्या पत्रांचं मूळ तिथे आहे. अ‍ॅस्टरिस्क मेलचा मजकूर एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं, मेलसीएमडीमधला आदेश पार्श्वभूमीत सोडून देतं आणि पुढच्या कामाला लागतं. त्या आदेशाचं काय झालं हे ते विचारत नाही. पोस्टफिक्स बंद असो, पासवर्ड चुकलेला असो, डिस्क भरलेली असो, अ‍ॅस्टरिस्कच्या लेखी निरोप निघाला. त्यानंतर ‘डिलीट=यस’ असेल तर मूळ रेकॉर्डिंग पुसलं जातं. टपालपेटीत पत्र टाकलं की पोच मिळत नाही, तसंच हे; फक्त इथे घरची प्रतही लगेच फाडली जाते.

याहून वाईट जोडी म्हणजे डिलीट यस आणि अटॅचमेंट नो. मग मेलमध्ये नुसती ‘निरोप आला’ अशी सूचना येते, रेकॉर्डिंग पुसलेलं असतं, आणि ते कुठूनही परत मिळत नाही. फ्रीपीबीएक्सच्या मदतमजकुरात याचा इशारा आहे, पण तो वाचतो कोण!

आमचा सल्ला ठाम आहे: डिलीट नोच ठेवा. जागेचं कारण टिकत नाही. साध्या वॅव्ह स्वरूपात एक मिनिट म्हणजे ९६० केबी. एका पेटीत मूळ मर्यादेइतके १०० निरोप, प्रत्येकी एक मिनिटाचे, धरले तर ९६ एमबी. १५ पेट्या धरल्या तर १.४४ जीबी. आजच्या सगळ्यात लहान एसएसडीलाही ते जाणवणार नाही. अडचण डिस्कची नसते, १०० च्या मर्यादेची असते: पेटी भरली की पुढच्या माणसाला निरोप ठेवताच येत नाही. म्हणून ‘मॅक्सएमएसजी’ वाढवा (ती ९९९९ पर्यंत जाते) आणि महिन्याहून जुने निरोप काढायची सोय करा. अ‍ॅस्टरिस्कच्या मूळ संचातल्या कॉन्ट्रिब फोल्डरमध्ये मेसेजेस-एक्स्पायर नावाची पर्ल स्क्रिप्ट त्यासाठीच आहे. हाताने काढणार असाल तर एका निरोपाच्या सगळ्या फाइली, आवाजाची आणि सोबतची टीएक्सटी, एकत्र काढा.

आणखी एक ओळ मेन डॉट सीएफमध्ये घाला: ‘डिले_वॉर्निंग_टाइम’ चार तास. मूळ किंमत शून्य, म्हणजे पाच दिवस पोस्टफिक्स गप्प. चार तास केल्यावर मेल अडकला की पाठवणाऱ्या खात्याला सूचना जाते. ते खातं कुणीतरी उघडत असलं पाहिजे, आणि इंटरनेटच बंद असेल तर ही सूचनाही रांगेतच बसणार, हे ओघाने आलंच. म्हणून सकाळी ऑफिस उघडणाऱ्याला पोस्टक्यू -पी पाहायची सवय लावलीत तर ती कुठल्याही सेटिंगपेक्षा भरवशाची.

प्रश्न: जोडलेली फाइल ऑफिसच्या संगणकावर वाजते, काहींच्या मोबाइलवर वाजत नाही. (सोलापूर)

उत्तर: फाइलचं नाव पाहा. शेवटची तीन अक्षरं मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत असतील तर ती वॅव्ह४९ आहे: वरून वॅव्ह, आत जीएसएम या कोडेकने (आवाज दाबण्याच्या पद्धतीने) लहान केलेला आवाज. आकार फार लहान, मिनिटाला जेमतेम ९८ केबी, पण तो कोडेक काही फोनच्या प्लेअरला कळत नाही. ‘फॉरमॅट’ या ओळीत जे नाव पहिलं, तेच मेलला जोडलं जातं. तिथे वॅव्ह पहिलं आणा किंवा ‘अटॅचएफएमटी’ मध्ये वॅव्ह लिहा.

आकाराचा हिशेब असा. तीन मिनिटांचा वॅव्ह निरोप २.८८ एमबी, मेलमध्ये जोडताना बेस६४ (फाइल साध्या अक्षरांत बदलण्याची पद्धत) मुळे तो एक तृतीयांशाहून थोडा जास्त फुगतो, म्हणजे ४ एमबीच्या आसपास. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे. म्हणजे सात मिनिटांपर्यंतचा निरोप बसतो, आठ मिनिटांचा अडतो. ‘मॅक्ससेक्स’ (निरोपाची कमाल लांबी, सेकंदांत) १८० ठेवलंत तर प्रश्नच येत नाही. तीन मिनिटांत जे सांगता येत नाही ते परत फोन करूनच सांगावं. मोबाइल डेटाची चणचण असेल तर मेलसीएमडीच्या जागी एक लहान स्क्रिप्ट बसवून लेम या प्रोग्रॅमने १६ केबीपीएसचा एमपी३ करता येतो. तीन मिनिटं ३६० केबीत, आणि वाजतं सगळीकडे. पण ही स्क्रिप्ट म्हणजे साखळीतला पाचवा हात. ती अडखळली तर अ‍ॅस्टरिस्कला कळणार नाही, हे वर सांगितलंच आहे.

प्रश्न: रोज सकाळी मेलमध्ये आठ-दहा निरोप, प्रत्येक बरोबर तीन मिनिटांचा, आणि सगळ्यांत नुसतं टूं-टूं-टूं. लाइन साध्या तांब्याच्या तारेची आहे. (अमरावती)

उत्तर: मेलचा दोष नाही. समोरच्याने फोन ठेवला हे पीबीएक्सला कळलेलंच नाही. साध्या लाइनवर फोन ठेवल्याची खूण बहुधा बिझी टोननेच मिळते, आणि पीबीएक्सने तो सूर ओळखला नाही तर तो निरोप समजून मॅक्ससेक्स संपेपर्यंत रेकॉर्ड करत बसतं. ‘मॅक्ससायलेन्स’ इथे उपयोगाचा नाही, कारण टोन म्हणजे शांतता नव्हे.

भारतातला बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. लाइन जोडणारं कार्ड डाहडी या ड्रायव्हरवर चालणारं असेल तर चॅन_डाहडी डॉट कॉन्फमध्ये ‘बिझीडिटेक्ट’ यस, ‘बिझीपॅटर्न’ ७५०,७५० आणि ‘बिझीकाउंट’ ६ करा. पॅटर्न न देता आणि काउंट ३ वर ठेवून पाहिलंत तर लयीत बोलणाऱ्या एखाद्या माणसाचा चालू फोन मध्येच तुटेल, तेव्हा काउंट फार खाली नेऊ नका. लाइन वेगळ्या एफएक्सओ डब्यावर (साधी लाइन पीबीएक्सला जोडणाऱ्या) असेल (त्यालाही गेटवेच म्हणतात, गोंधळ नको) तर त्याच्या पानावर डिस्कनेक्ट टोनसाठी हेच आकडे भरायचे. काही लाइनवर फोन ठेवल्यावर तारेतल्या विजेचे ध्रुव उलटतात. ती सोय चालू असेल तर टोन ओळखण्यापेक्षा ती चांगली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौकशी करा. सोबत ‘मिनसेक्स’ ३ ठेवा, म्हणजे बीप ऐकून फोन ठेवणाऱ्यांचे रिकामे निरोप येणार नाहीत.

प्रश्न: मायक्रोसॉफ्ट ३६५ वर ‘५३५ ५.७.१३९’ येतं. पासवर्ड दहा वेळा तपासला. (ठाणे)

उत्तर: अकराव्यांदा तपासू नका. या आकड्यासोबत ‘एसएमटीपी क्लायंट ऑथेंटिकेशन इज डिसेबल्ड’ असं लिहिलं असेल. ते त्या खात्यासाठी किंवा संपूर्ण संस्थेसाठी बंद आहे. अ‍ॅडमिन केंद्रातून त्या एका खात्यापुरतं ते सुरू करता येतं. पण नुसत्या पासवर्डने एसएमटीपी लॉगिन करण्याची वाट मायक्रोसॉफ्ट बंद करत आणते आहे, त्यामुळे नवीन जोडणी तिच्यावर उभारू नये.

टिकाऊ मार्ग कनेक्टरचा. ऑफिसला स्थिर सार्वजनिक आयपी हवा आणि बाहेर जाणारं पोर्ट २५ उघडं हवं. दोन्हींची इंटरनेट कंपनीकडून आधी लेखी खात्री करा. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये (३६५ ची मेल सेवा) ‘तुमच्या संस्थेचा मेल सर्व्हर’ या प्रकारचा कनेक्टर करून तो आयपी त्यात घाला, तोच आयपी डोमेनच्या एसपीएफ नोंदीत घाला. पोस्टफिक्सच्या रिलेहोस्टमध्ये तुमच्या डोमेनच्या एमएक्स नोंदीतलं नाव आणि पोर्ट २५. सॅसल बंद, टीएलएस चालू. पासवर्डच नसल्याने तो कालबाह्य होण्याचीही भानगड नाही.

प्रश्न: रुग्णालयातल्या जुन्या ईपीएबीएक्समध्ये व्हॉइसमेल कार्ड आहे. त्यात मेल सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट एवढंच भरता येतं. पासवर्ड नाही, टीएलएस नाही. (मुंबई)

उत्तर: तुम्हाला मात्र गेटवेचं वेगळं मशीन खरोखरच लागेल, पण लहानसं. डेबियन, एक प्रोसेसर, १ जीबी रॅम, १० जीबी डिस्क. रुग्णालयाच्या सर्व्हरवर आभासी मशीन म्हणून चालेल. ईपीएबीएक्स त्याच्याशी आतल्या नेटवर्कवर साध्या पोर्ट २५ ने बोलेल, आणि बाहेरच्या सेवेशी लॉगिन व टीएलएस हे मशीन सांभाळेल. रचना पहिल्या उत्तरातलीच. फरक दोन.

‘इनेट_इंटरफेसेस’ ऑल करावं लागेल, आणि ‘मायनेटवर्क्स’ मध्ये लूपबॅकसोबत ईपीएबीएक्सचा एकच आयपी, शेवटी /३२ लावून. चालत नाही म्हणून वैतागून तिथे शून्य-शून्य-शून्य-शून्य /० लिहिणारे असतात. तसं केलंत आणि मशीन बाहेरून दिसत असेल, तर जगातल्या कुणालाही तुमच्या नावाने मेल पाठवता येतील आणि तुमचं खातं त्यात गोठवलं जाईल. फायरवॉलमध्येही पोर्ट २५ त्या एकाच आयपीला उघडा. रुग्णांचे निरोप आहेत म्हणून आणखी एक कुंपण घाला: ‘एसएमटीपीडी_रेसिपिएंट_रेस्ट्रिक्शन्स’ मध्ये परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी आणि शेवटी रिजेक्ट. मग कुणी चुकून किंवा मुद्दाम पेटीवर बाहेरचा पत्ता घातला तरी निरोप रुग्णालयाबाहेर जाणार नाही. कार्डात मशीनचं नाव न लिहिता आयपीच लिहा. अशा जुन्या कार्डांचं डीएनएस भरवशाचं नसतं.

प्रश्न: पीबीएक्स क्लाउडवर आहे. सकाळी ११ च्या निरोपाच्या मेलमध्ये साडेपाच वाजले असं छापून येतं. शिवाय मजकूर मराठीत करता येईल का? (दुबई आणि पुणे इथे कार्यालयं असलेले वाचक)

उत्तर: साडेपाच तासांचा फरक म्हणजे मशीन यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आहे. मेलची स्वतःची वेळ बरोबर दिसते, कारण तिच्यासोबत कालविभाग जातो आणि तुमचा फोन ती बदलून दाखवतो. मजकुरातली ‘व्हीएम_डेट’ (ही मात्र मोठ्या अक्षरांत लिहायची) नुसतं अक्षरांचं छापील वाक्य असतं. ‘टाइमडेटसीटीएल’ ने मशीनचा विभाग एशिया/कोलकाता करा (विभागांच्या नावांत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं) आणि अ‍ॅस्टरिस्क पुन्हा सुरू करा. दुबईच्या पेट्यांसाठी व्हॉइसमेलच्या झोनमेसेजेस विभागात एशिया/दुबईचा वेगळा झोन करून त्या पेट्यांना तो ‘टीझेड’ म्हणून द्या.

मराठी मजकूर जातो. ‘कॅरसेट’ यूटीएफ-८ करा, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग मिळेल. जुन्या आवृत्त्यांत मात्र ‘ईमेलबॉडी’ ची संपूर्ण ओळ ५१२ बाइटांतच बसवावी लागते, आणि नागरीत प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन-तीन बाइट खाते. ‘नवीन निरोप’ एवढ्यालाच २८ बाइट गेले. दीडशेच्या आसपास चिन्हांत आटोपा: कुणाचा, किती सेकंदांचा, कधी. बाकी फापटपसारा कुणी वाचतही नाही.

प्रश्न: दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या व्हॉइसमेल यंत्रणांनी आपसांत निरोप पाठवावेत यासाठी काही मानक आहे का? (सांगली, अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

उत्तर: आहे, व्हीपीआयएम (व्हॉइस प्रोफाइल फॉर इंटरनेट मेल). ईमेलच्याच एसएमटीपी आणि माइमवर (मेलला फाइल जोडण्याची पद्धत) ते उभं आहे. पहिला मसुदा आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) १९११, १९९६ चा. दुसरी आवृत्ती १९९८ मध्ये आरएफसी २४२१, आणि २००४ मध्ये तिची जागा आरएफसी ३८०१ ने घेतली. आवाज ३२ केबीपीएसच्या जी.७२६ या कोडेकमध्ये जातो. प्रकल्पासाठी विषय छान आहे. आज नव्या ऑफिसात मात्र साधा जोडलेला वॅव्हच चालतो.

प्रश्न: मेलमध्ये निरोप ऐकला तरी टेबलावरच्या फोनचा लाल दिवा जळतच राहतो. (रत्नागिरी)

उत्तर: मेलमध्ये गेली ती प्रत, पेटीतला मूळ निरोप अजून न ऐकलेलाच आहे, म्हणून दिवा. दोन्ही एकच व्हावेत यासाठी अ‍ॅस्टरिस्कमध्ये आयमॅप साठवणीचं वेगळं मॉड्यूल आहे. त्यात निरोप थेट मेल सर्व्हरवरच राहतात, आणि मेल वाचला की दिवा विझतो. त्यासाठी ‘पोलमेलबॉक्सेस’ यस आणि ‘पोलफ्रीक’ ३० सेकंद ठेवतात. स्वतःचा डव्हकॉट मेल सर्व्हर असेल आणि त्यावर मास्टर खातं (सगळ्यांच्या पेट्या उघडू शकणारं) देता येत असेल तर ते जमतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ वर पासवर्डने आयमॅप लॉगिन बंद झालेलं असल्याने तिथे ही वाट नाही. आणि एक अडचण: मेल सर्व्हर बंद पडला की निरोप ठेवायलाच जागा उरत नाही.

दहा-वीस फोनच्या ऑफिसला एवढं करू नये. दिवसातून एकदा *९७ दाबून पेटी उघडा, ऐकलेले निरोप ७ दाबून काढा. दिवा विझेल.